खिडकी लावणारा हात : इको-निवास संहितेचे एक वाचन

मराठी समीक्षेत ‘संहिता’ म्हटले की नाटकाची किंवा काव्याची लिखित कृती डोळ्यांसमोर येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 14 डिसेंबर 2018 या ऊर्जा संवर्धन दिनी प्रसिद्ध केलेली ‘इको-निवास संहिता’ अर्थातच त्या जातीची नाही. ती निवासी इमारतींसाठीची नियमावली आहे. तिच्या पहिल्या भागात भिंती, छप्पर आणि खिडक्या यांतून घरात किती उष्णता यावी याच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. इंजिनिअर ती तक्ते पाहण्यापुरती उघडतात आणि साहित्याचे वाचक तिच्या वाटेला जात नाहीत. मी ती गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा वाचतो आहे, आणि माझे म्हणणे असे की ती आपल्या समीक्षेच्या अर्थानेही संहिताच आहे. तिच्यात एक घर कल्पिलेले आहे. घर कल्पिले की त्यात राहणारा माणूसही कल्पावा लागतो. कादंबरीला जसा गृहीत वाचक असतो तसा या पुस्तकाला एक गृहीत रहिवासी आहे. तो कोण, आणि दुपारी तो काय करतो, हे शोधण्यासाठी हा लेख आहे.

शोध खिडकीपाशी घ्यायचा, कारण खिडकी हा घराच्या हिशेबातला सर्वांत चंचल भाग आहे. भिंत जागची हलत नाही. छपराचेही तसेच. (एकमजली घराला छपरातूनच सर्वांत जास्त ताप होतो आणि संहितेने त्याची मर्यादा वेगळी दिली आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) खिडकी मात्र उघडते, मिटते, तिला पडदा लागतो, तिच्यासमोर कोणी ओली चादर वाळत घालतो. गणिताला हे सगळे पेलायचे असते.

आधी गणित काय आहे ते पाहू. काचेवर ऊन पडले की त्याचा थोडा भाग परतवला जातो, मोठा भाग सरळ आत जातो आणि उरलेला काचेतच शोषला जाऊन तिला तापवतो. त्या तापलेल्या काचेची काही उष्णता बाहेर जाते, काही आत येते. सरळ आत आलेले ऊन अधिक काच तापून आत आलेली उष्णता, यांची बेरीज काचेवर पडलेल्या एकूण उन्हाच्या किती पट आहे, त्या अपूर्णांकाला इंजिनिअर एसएचजीसी म्हणतात. मी माझ्या वहीत त्याला ‘ऊन-गुणांक’ म्हणतो, इथेही तसेच म्हणेन. साध्या, रंग नसलेल्या सहा मिलिमीटर काचेचा ऊन-गुणांक 0.82 च्या आसपास असतो, म्हणजे शंभरातले ब्याऐंशी आत. एकदा आत आलेले ऊन फरशी-गादी-भिंतीने शोषले की त्याचे दीर्घ लहरींच्या उष्णतेत रूपांतर होते, आणि या लहरींना काच अपारदर्शक असते. त्यामुळे काचेच्या आतून लावलेला पडदा डोळ्यांवरचे ऊन टाळतो, पण खोलीचा ताप फारसा टाळत नाही. पडदा तापतो आणि तो खोलीतच असतो. तीच चटई काचेच्या बाहेर टांगली तर तापलेली चटई अंगणाचा प्रश्न होते. आतले आणि बाहेरचे यांत एवढा फरक आहे, आणि पुढचा सगळा वाद या फरकाभोवती फिरतो.

संहितेने भिंती आणि खिडक्या मिळून एक आकडा काढायची रीत दिली आहे, त्याला आरईटीव्ही म्हणतात. दर चौरस मीटर आवरणामागे सरासरी किती वॅट उष्णता आत येते, हे तो सांगतो, आणि तो 15 च्या वर जाऊ नये असा नियम आहे. सूत्रात तीन पदे आहेत. पहिले भिंतीतून झिरपणाऱ्या उष्णतेचे, दुसरे तापमानातल्या फरकामुळे काचेतून झिरपणाऱ्या उष्णतेचे, तिसरे काचेतून थेट येणाऱ्या उन्हाचे. प्रत्येक पदाला हवामानाच्या पट्ट्यानुसार एक गुणक आहे. उष्ण-कोरड्या पट्ट्यासाठी ते अनुक्रमे 6.06, 1.85 आणि 68.99 आहेत. याशिवाय दिशेचा एक गुणक आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील ठिकाणांसाठी तो पश्चिमेला 1.156, पूर्वेला 1.155, दक्षिणेला 0.966 आणि उत्तरेला 0.659 आहे.

सूत्र किती बोलके असते हे आकडे घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच अशी पश्चिमेची एक भिंत घ्या. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली. तिचे यू-मूल्य, म्हणजे उष्णता झिरपण्याचा दर, 2 धरू. तिच्यात 1.2 मीटर लांबी-रुंदीची साध्या काचेची खिडकी. भिंत उरली 7.56 चौरस मीटर, खिडकी 1.44. भिंतीचे पद येते सुमारे 92, काचेतून झिरपण्याचे 15, उन्हाचे 81. बेरजेला पश्चिमेच्या गुणकाने गुणून नऊ चौरस मीटरांनी भागले की उत्तर 24.2 येते. खिडकी नसतीच आणि सगळी भिंतच असती तर ते 14 आले असते. म्हणजे भिंतीचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापणारी काच उरलेल्या सगळ्या भिंतीइतका ताप आत आणते. (15 ची मर्यादा एका भिंतीला नसून सगळ्या इमारतीच्या सरासरीला आहे, पण समजून घ्यायला एक भिंत पुरते.) संहितेचा हा भाग मला आवडतो. ऊन कुठून येते हे तिने नेमके ओळखले आहे.

आता हेच ऊन अंबाजोगाईत आणू. अंबाजोगाई म्हटले की या अंकाच्या वाचकांना मुकुंदराज आणि दासोपंत आठवतील, ते योग्यच आहे. इथे मात्र गावाचे अक्षांश-रेखांश कामाचे आहेत. गाव सुमारे 18.7 अंश उत्तरेला आणि 76.4 अंश पूर्वेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या अडीच महिन्यांत तो मध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर तेव्हा थेट ऊनच नसते. विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य 71 अंशांवर असतो, आणि दीड फुटी छज्जा 1.2 मीटर उंच दक्षिण खिडकीला पूर्ण झाकतो. सावली 1.3 मीटर खाली उतरते. डिसेंबरात सूर्य 48 अंशांपर्यंत खाली येतो, त्याच छज्जाची सावली अर्ध्या मीटरवर थांबते आणि हवेहवेसे ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येते. दक्षिणेचा प्रश्न असा छज्जाने सुटतो.

पश्चिमेचा सुटत नाही. मेच्या मध्यावर सौर वेळेनुसार दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून 33-34 अंशांवर असतो आणि पश्चिमेपासून जेमतेम दहा-अकरा अंश उत्तरेला, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला जवळपास काटकोनात. (आपल्या घड्याळात तेव्हा चार वाजून वीस मिनिटे होतात. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण त्याच्या सहा अंश पश्चिमेला.) त्या वेळी दीड फुटी छज्जाची सावली खिडकीवर फक्त तीस सेंटिमीटर उतरते. तीन-चतुर्थांश खिडकी उघड्या उन्हात. सूर्यकिरणांना सामोऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला 600 वॅट धरले, तर त्या उघड्या काचेतून फक्त थेट उन्हाचेच चारशेहून अधिक वॅट आत येतात. आकाशाचे विखुरलेले आणि अंगणातून उसळणारे ऊन वेगळे. एखादी इस्त्री अर्ध्या ताकदीवर तासभर खोलीत चालू ठेवावी, तसे हे होते. आणि हे खोलीच्या भिंती दिवसभर तापून झाल्यानंतर येते.

हे सगळे गणित आता संगणक करतो. एनर्जीप्लस नावाचा कार्यक्रम त्यासाठी जगभर वापरला जातो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने डीओई-2 आणि ब्लास्ट या जुन्या दोन कार्यक्रमांतले उत्तम ते घेऊन तो 2001 साली प्रथम प्रसिद्ध केला. तो फुकट मिळतो, म्हणून माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसालाही तो चालवून पाहता येतो. त्याच्यात शिरले की आधी भारावून जायला होते. सूर्याची जागा, आकाशाचा कोणता भाग किती उजळ, काचेवर किरण कोणत्या कोनातून आला, हे सगळे तो हिशेबात घेतो. किरण तिरपा झाला की काच अधिक परतवते. सुमारे पन्नास अंशांपर्यंत फारसा फरक पडत नाही, नंतर मात्र गुणांक घसरत जातो. दर दहा मिनिटांचा हिशेब वेगळा. सावल्यांची जागा तो, न सांगता, वीस दिवसांतून एकदा नव्याने काढतो, कारण सूर्याचा मार्ग तेवढ्या अवधीत फार सरकत नाही.

भारावलेपण ओसरल्यावर गृहीतके दिसू लागतात. हवामानाची फाइल एखाद्या ‘नमुनेदार’ वर्षाची असते. वेगवेगळ्या वर्षांतले सर्वसाधारण महिने निवडून ती जुळवलेली असते, त्यामुळे ज्या मेमध्ये माणसे गच्चीवरही झोपू शकली नाहीत तो मे तिच्यात शक्यतो नसतो. आपल्या भागासाठी अभ्यासक सहसा औरंगाबाद किंवा सोलापूरची फाइल घेतात. बालाघाटच्या डोंगरावर वसलेल्या गावाला त्यांतले कोणतेच नीट लागू नाही. काचेवरच्या धुळीसाठीही कार्यक्रमात एक गुणक आहे. तो आपण बदलला नाही तर 1 असतो, म्हणजे काच कायम लख्ख. बीड जिल्ह्यात एप्रिलमध्ये लख्ख काच पाहिलेला माणूस मला भेटायचा आहे. ही गृहीतके किरकोळ आहेत, दुरुस्त होणारी आहेत. एक गृहीतक मात्र किरकोळ नाही.

कार्यक्रमात खिडकीला पडदा, झडप किंवा बाहेरची चटई लावता येते, आणि ती केव्हा लागेल हे सांगावे लागते. पर्याय अनेक आहेत. त्यांतला एक असा : काचेवरचे ऊन ठरवलेल्या आकड्याच्या वर गेले की पडदा खाली. हा पर्याय निवडला की संगणकाच्या घरात एक अदृश्य माणूस वावरू लागतो. तो वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, दर दहा मिनिटांनी, प्रत्येक खिडकीपाशी जाऊन ऊन मोजतो आणि पडदा ओढतो. तो झोपत नाही, शेतावर जात नाही, लग्नाला जात नाही, आणि खिडकीतून कोणाला हाक मारायची म्हणून झडप उघडीही ठेवत नाही. दुसरा पर्याय : पडदा नाहीच. मग त्या घरात कोणीच राहत नाही. खिडकी उघडीबोडकी तळपत राहते. एकाच घराची ही दोन उत्तरे पश्चिमेच्या खोलीत इतकी वेगळी येतात की काच बदलल्याने पडणारा फरक त्यापुढे लहान वाटावा. उन्हाचे भौतिक गणित दशांश चिन्हापर्यंत चोख आहे, आणि ज्याच्या हातात खिडकी आहे त्याच्याबद्दल आपण एका ओळीत काहीतरी ठोकून देतो.

संहितेने या अडचणीतून वाट कशी काढली? तिने माणूस काढून टाकला. तिच्या सूत्रातला ऊन-गुणांक कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, कमी गुणांकाची काच घ्या. दोन, खिडकीला बाहेरून ‘कायमस्वरूपी’ आडोसा द्या. छज्जा, बाजूचे पंख, चौकट, बाल्कनी, व्हरांडा. कायमस्वरूपी हा शब्द मोलाचा आहे. जो आडोसा हलतो, जो कोणाला तरी दोरी ओढून खाली सोडावा लागतो, तो सूत्रात नाही. नियम करणाऱ्याची बाजू समजण्यासारखी आहे. नकाशा मंजूर करणारा अधिकारी छज्जा मोजू शकतो. चटई दुपारी खाली सोडली जाईल का, हे तो कुठून मोजणार?

परंतु याचे परिणाम चमत्कारिक आहेत. वरच्याच भिंतीत साधी काच काढून 0.25 ऊन-गुणांकाची गडद काच बसवा. उत्तर 24.2 वरून 16.9 वर येते. आता साधी काचच ठेवा आणि बाहेरून बांबूची चीक टांगून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खाली सोडा. काचेपर्यंत ऊनच फारसे पोहोचत नाही, तरी संहितेच्या लेखी उत्तर 24.2 च राहते. तिसरा प्रयोग अधिक मजेशीर आहे. काच मुळी नकोच, जुन्या घरांसारखी नुसती लाकडी झडपांची खिडकी ठेवा. सूत्रात काचेचा भाग तेवढा ‘पारदर्शक’ धरतात, लाकूड भिंतीच्या पदात जाते. इंचभर जाड फळीचे यू-मूल्य 2.9 च्या सुमारास धरून मी हिशेब केला तर उत्तर नेमके 15 आले. मर्यादेइतके! वाडा उत्तीर्ण झाला म्हणून खूश व्हायचे कारण नाही. हे उत्तर त्या झडपा वर्षभर, दिवसभर मिटलेल्या आहेत असे मानून आलेले आहे. एकाच पानावर काचेची खिडकी सदैव उघडी आणि लाकडी खिडकी सदैव बंद. खिडकीचा जो धर्म, उघडणे आणि मिटणे, तो दोन्हीकडे नाही.

भिंतीच्या पदातही असाच एक मुका भाग आहे. दोन फूट जाड काळ्या दगडाची भिंत घेतली तरी तिचे यू-मूल्य, दगडाची उष्णतावाहकता जास्त असल्यामुळे, 2 च्या आसपासच येते. नऊ इंची विटेच्या भिंतीइतकेच. सूत्रात दोघींना सारखे गुण. दगडाची भिंत दुपारचा ताप कित्येक तास धरून ठेवून रात्री सोडते, ही गोष्ट यू-मूल्य सांगत नाही. पण सोडते म्हणजे खोलीत सोडते, हेही विसरू नये. तो ताप रात्री बाहेर घालवायला खिडक्या उघडाव्या लागतात. पुन्हा हात आलाच.

इथे मला दुसऱ्या एका लेखनप्रकाराकडे वळायचे आहे, कारण माझी तक्रार फक्त सरकारी पुस्तकाबद्दल नाही. मराठी ललित गद्यात वाड्याच्या गारव्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि दिवाळी अंकांतून तर दरवर्षी लिहिले जाते. जाड भिंती, पांढऱ्या मातीचे माळवद, माळवदातल्या साण्यातून फरशीवर पडणारा उजेडाचा गोल तुकडा, वाळ्याच्या पडद्याचा वास. या लेखांत गारवा हा भिंतीचा गुण असतो. ‘त्या भिंतीच तशा होत्या’, अशा थाटाने. माळवदाच्या घरात वाढलेल्या कोणालाही विचारा, मेमध्ये ते घर कसे चालत असे. पहाटे सगळ्या खिडक्या, दारे सताड उघडायची. ऊन चढू लागले की पूर्वेच्या झडपा आधी लावायच्या, मग दक्षिणेच्या, जेवणे होईतो पश्चिमेच्या. दुपारभर घर अंधारात. वाळ्याच्या पडद्यावर दर अर्ध्या तासाने पाणी मारायचे, आणि ते पाणी आडातून शेंदून आणलेले. दिवेलागणीला अंगणात सडा, मग पुन्हा सगळे उघडायचे. हे काम बहुतेक घरांत बाया करत, सासूच्या नजरेखाली सुना. उन्हाच्या वेळी घराबाहेर कोणी जाणार नाही आणि घरात कोणीतरी असेलच, या व्यवस्थेवर तो गारवा उभा होता. दगडाने अर्धे काम केले. उरलेले ज्यांनी केले त्यांचा उल्लेख स्मरणरंजनात ‘आजी पडद्यावर पाणी शिंपडायची’ एवढ्या एका गोड वाक्यात उरकला जातो.

तर असे तीन लेखक एका खिडकीबद्दल लिहितात. संगणकाचा कार्यक्रम न थकणारा नोकर कल्पितो. संहिता माणूस वगळते. ललित लेखक माणसाचे श्रेय भिंतीला देतो. तिघांच्याही पानावर खिडकी लावणारा हात दिसत नाही, आणि तो दिसत नसल्यामुळे आजच्या घरात तो का उरला नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आजचे घर कोणते, हेही स्पष्ट करायला हवे. संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी प्रकल्पांसाठी आहे. अंबाजोगाईच्या बहुसंख्य घरांना ती लागूच नाही. घरकुल योजनेतले ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचे असते, आणि ते या सूत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तरी संहितेचा प्रभाव तिच्या कक्षेपुरता राहत नाही. मोठ्या शहरातल्या प्रकल्पात जी काच, जी खिडकी रूढ होते ती पाच-दहा वर्षांत तालुक्याच्या बांधकामात येते. आज गावात नवे घर बांधले की ॲल्युमिनियमची सरकती खिडकी ठरलेली, बहुधा गडद काचेची, छज्जा नावापुरता. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो. संहिताही दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचा निम्मा भागच हवेसाठी धरते, बिजागरीच्या खिडकीचा नव्वद टक्के. आणि सरकत्या खिडकीला बाहेरून झडप बसवायची सोयच राहत नाही, कारण बाहेरच्या अंगाला आधी लोखंडी जाळी ठोकलेली असते. म्हणजे रात्रीचा गारवा आत घेण्याचा आणि दुपारचे ऊन बाहेर अडवण्याचा, दोन्ही मार्ग एकाच खरेदीत अरुंद झाले. गडद काच जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दुपारीही खोली अंधारीच ठेवते, ते वेगळे. संहितेने उजेडाची किमान अट घातली आहे, भिंतीच्या तीस टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेतून निदान 27 टक्के उजेड आत यायला हवा. ही अट मला तिच्यातली सर्वांत माणुसकीची ओळ वाटते. जुने वाडे तिथे सरळ नापास झाले असते, आणि धुराने भरलेल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बायकांनी त्यांना नापासच केले असते.

दुपारी त्या घरात कोण असते? जिथे नवरा-बायको दोघे नोकरीला जातात तिथे सकाळी नऊनंतर कुलूप. खिडक्या चोरीच्या भीतीने लावलेल्या, पडदे आतून ओढलेले, पश्चिमेची खोली संध्याकाळी सहाला भट्टी. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि इतर शिक्षणसंस्थांमुळे गावात भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलेमुली पुष्कळ आहेत. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायचीही परवानगी नसते, तो बाहेर चीक कुठे टांगणार? आणि जिल्ह्यातली लाखो ऊसतोड माणसे. दसरा-दिवाळी झाली की ती कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलात परततात. घर हिवाळाभर बंद असते आणि नेमके उन्हाळ्यात भरते. नमुनेदार वर्षाच्या फाइलइतकीच नमुनेदार कुटुंबाची कल्पनाही इथे फसते. या घरांना खिडकी लावणारा हात सकाळी असतो, दुपारी तो रोजगारावर असतो. त्याला ‘जुन्या शहाणपणाकडे वळा’ असे सांगणे म्हणजे एक बाई दिवसभर घरात ठेवा असे सांगणे आहे.

म्हणून मी संहिता टाकून द्या म्हणत नाही. हात कमी लागेल अशा बाहेरच्या आडोशाला तिने जागा द्यावी असे म्हणतो. तिच्या घडणीत स्वित्झर्लंडचे सहकार्य होते, आणि युरोपात बाहेरून सरकणाऱ्या, गुंडाळणाऱ्या झडपा घरोघरी असतात. ही गोष्ट तिच्या कर्त्यांना ठाऊक नव्हती असे मानता येत नाही. गुंडाळणारी झडप मापता येते, तिचे साहित्य तपासता येते, ती खिडकीच्या चौकटीला पक्की असते. ती दिवसातला किती वेळ खाली असेल याचा अंदाज करावा लागेल, हे खरे. पण तिसऱ्या पदातला 68.99 हा आकडा तरी दुसरे काय आहे? हजारो तासांच्या उन्हाची, असंख्य अंदाज एकत्र करून काढलेली सरासरीच ना? सूर्याबद्दल अंदाज चालतो, तर माणसाबद्दल का चालू नये, याचे उत्तर संहितेत नाही. घरातल्या बायांना, भाडेकरूंना, ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांना विचारून असा अंदाज बांधता येईल. खिडकी किती वाजता लावता आणि कोण लावते, हा प्रश्न एनर्जीप्लसच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा सोपा आहे.

तोवर पश्चिमेला खोली बांधणाऱ्याने छज्जा दीड फुटांचा तीन फूट करून फार काही मिळेल अशी आशा धरू नये. चारच्या उन्हात तीन फुटी छज्जाची सावलीही साठ सेंटिमीटरच उतरते, निम्मी खिडकी उघडीच राहते. त्याच पैशांत चौकटीबाहेर दोन हूक, एक कप्पी, एक दोरी आणि बांबूची चीक येते. दोरीचे टोक आतून ओढता येईल असे घ्यावे, म्हणजे निघताना घाईत असलेल्या माणसालाही ती खाली सोडता येईल.